‘ने’चं मेंदू किती ऐकतो? मराठी वाक्यांवर वाचनवेगाची चाचणी कशी घ्यावी

शाळेच्या व्याकरणात कर्मणी प्रयोग सगळ्यांनी शिकलेला असतो. ‘दादा पिशवी आणतो’ म्हणताना क्रियापद दादाकडे बघतं, पण ‘दादाने पिशवी आणली’ म्हटलं की ते दादाकडे पाठ फिरवून पिशवीकडे वळतं. कर्त्याला लागलेला ‘ने’ वाचकाला सांगत असतो की आता लिंग-वचन माझ्याकडून घेऊ नका. कागदावर हा नियम सोपा आहे. पण वाचणारा माणूस एकेका शब्दावर अर्धा सेकंदही थांबत नाही. तेवढ्यात त्याचं मन हा ‘ने’ खरंच मानतं, की जवळपास दिसलेल्या कुठल्याही पुल्लिंगी नामाशी क्रियापद जुळलं तरी त्याला चालतं? हे एक लॅपटॉप, चाळीस माणसं आणि महिन्याभराची तयारी एवढ्यावर तपासता येतं.

(‘प्रयोग’ हा शब्द व्याकरणातही आहे आणि प्रयोगशाळेतही. घोळ नको म्हणून इथे दुसऱ्याला ‘चाचणी’ म्हटलं आहे.)

काय मोजायचं

पद्धतीचं नाव सेल्फ-पेस्ड रीडिंग. पडद्यावर एका वेळी एकच शब्द दिसतो. स्पेसबार दाबला की तो जातो आणि पुढचा येतो. दोन दाबांमधला वेळ मिलिसेकंदांत नोंदला जातो. मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि जॅकलिन वूली यांनी १९८२ मध्ये ही रीत नीट मांडली. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रांच्या तुलनेत ती जवळजवळ फुकट असल्यामुळे अजूनही वापरात आहे. त्यामागचं गृहीतक असं, की जिथे मनाला वाक्य जुळवायला जास्त काम पडतं तिथे बोट उशिरा दाबलं जातं.

कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ मध्ये इंग्रजीत दाखवलं की वाक्य पूर्ण करताना माणसं खऱ्या कर्त्याऐवजी क्रियापदाजवळच्या नामाचं वचन उचलतात. पुढे मॅट वेजर्स, एलेन लाउ आणि कॉलिन फिलिप्स यांनी २००९ मध्ये वाचनातही असं होतं हे दाखवलं. वाक्य चुकीचं असलं, तरी दुसरं एखादं नाम क्रियापदाशी जुळत असेल तर वाचक कमी अडखळतो. वाक्य बरोबर असेल तेव्हा मात्र त्या दुसऱ्या नामाने फारसा फरक पडत नाही. मराठीत ‘ने’वाला कर्ता हा नेमका असाच मोहात पाडणारा शेजारी आहे, कारण वर्तमान आणि भविष्यकाळात क्रियापद त्याचंच ऐकत असतं.

एक वाक्य, चार रूपं

प्रत्येक वाक्य चार रूपांत लिहा:

क. ताईने बाजारातून जड पिशवी आणली असं आईने फोनवर सांगितलं.
ख. दादाने बाजारातून जड पिशवी आणली असं आईने फोनवर सांगितलं.
ग. ताईने बाजारातून जड पिशवी आणला असं आईने फोनवर सांगितलं.
घ. दादाने बाजारातून जड पिशवी आणला असं आईने फोनवर सांगितलं.

क आणि ख बरोबर आहेत, ग आणि घ चूक. ग मध्ये ‘आणला’ला आधार देणारं पुल्लिंगी नाम कुठेच नाही. घ मध्ये ‘दादा’ आहे, पण ‘ने’मुळे त्याला तो अधिकार नाही. सगळी चाचणी या ग-घ च्या फरकावर उभी आहे. मन ‘ने’चं ऐकत असेल तर दोन्हींत सारखंच अडखळेल. फसत असेल तर घ मध्ये कमी अडखळेल.

अशी २४ वाक्यं लागतात. त्यातल्या बारांत कर्म स्त्रीलिंगी आणि बारांत पुल्लिंगी ठेवा (‘दादाने दुकानातून लाल दिवा आणला’ आणि त्याची चुकीची जोडीदार ‘आणली’). सगळ्या चुका ‘-ला’च्याच राहिल्या, तर पुढे दिसणारा फरक चुकीमुळे आला की निव्वळ ‘-ला’ या रूपामुळे, हे सांगता येणार नाही.

वाक्यं लिहिण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात. म्हणून हे जरा सविस्तर.

नपुंसकलिंग आणि अनेकवचन टाळा. ‘आणले’ हे ‘आंबे आणले’मध्ये पुल्लिंगी अनेकवचन असतं आणि ‘पुस्तक आणले’मध्ये नपुंसकलिंगी एकवचन. ‘आणली’ तर ‘पोळी’लाही चालतं आणि ‘पुस्तकं’लाही. रूप दुहेरी असलं की वाचक कशाशी जुळवतो आहे ते कळत नाही. ‘-ला’ आणि ‘-ली’ एवढीच जोडी स्वच्छ आहे, शिवाय दोन्हींची लांबी सारखी.

क्रियापद सकर्मक आहे एवढ्यावर विसंबू नका. ‘ती छत्री विसरली’, ‘तो धडा शिकला’, ‘ती साडी नेसली’ या वाक्यांत कर्म आहे, तरी भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कर्त्यामागेच जातं. ‘पिणे’ तर दोन्हीकडे: ‘ती दूध प्याली’ही ऐकू येतं आणि ‘तिने दूध प्यायलं’ही. आणणे, ठेवणे, धुणे, विकणे, शोधणे, उघडणे, बांधणे, पाठवणे ही भरवशाची.

कर्माला ‘ला’ लागता कामा नये. ‘दादाने ताईला बोलावलं’ म्हटलं की भावे प्रयोग झाला आणि क्रियापद कोणाचंच ऐकत नाही. सोपा उपाय म्हणजे कर्म निर्जीव वस्तूच ठेवणं.

विशेषण विकारी नको. ‘जुनी पिशवी’ लिहिलं की लिंग क्रियापदाच्या दोन शब्द आधीच फुटतं, आणि चुकीच्या वाक्यात पेच वाढतो. जड, लाल, स्वच्छ, स्वस्त, मजबूत, सुंदर अशी न बदलणारी घ्या. ‘माझी’, ‘त्याचा’ वगैरेही याच कारणाने बाद.

ज्यांच्या लिंगावर घराघरांत वाद आहे ती नामं सोडा. बाग, मजा, ढेकर, तंबाखू, पेन यांच्यावरून पुणे आणि नागपूर सोडाच, एका बाकावरचे दोघंही भांडतील. पिशवी, चादर, खुर्ची, बादली, घागर, छत्री एका बाजूला. दिवा, आरसा, डबा, रुमाल, पंखा, चष्मा दुसऱ्या बाजूला, अशी यादी निर्धोक ठरते.

कर्त्यासाठी विशेषनामांपेक्षा नाती बरी. शीतल, किरण, सुमन ही नावं मुलाचीही असतात, मुलीचीही. ‘सविता’ला काही जण ‘सविताने’ लिहितात, काही ‘सवितेने’. दादाने-ताईने, काकाने-काकूने, मामाने-मामीने, मुलाने-मुलीने या जोड्या जवळपास सारख्या लांबीच्या आहेत. ‘आजोबांनी’सारखं आदरार्थी अनेकवचन मात्र नको.

क्रियापदानंतर निदान तीन-चार शब्द असू द्या, आणि ते चारही रूपांत अक्षरशः तेच हवेत. बोट मनाच्या किंचित मागे असतं. ‘आणला’वर बसलेला धक्का बऱ्याचदा पुढच्या ‘असं’ किंवा ‘आईने’वर दिसतो. यालाच स्पिलओव्हर म्हणतात. वाक्य ‘आणला’वरच संपवलं तर हा परिणाम वाक्याच्या शेवटी होणाऱ्या स्वाभाविक थांब्यात मिसळून जातो. ‘आणि ती ओट्यावर ठेवली’ असा शेवटही चालत नाही, कारण ‘ती’ आणि ‘ठेवली’ यांच्यातून लिंग पुन्हा आत येतं.

तीसेक वाक्यं लिहा आणि त्यांची बरोबर रूपं चाचणीत नसलेल्या दहा-बारा जणांना दाखवून १ ते ७ मध्ये गुण मागा. सरासरी ५ च्या खाली आलेली फेका. लिहिणाऱ्याच्या कानाला गोड लागलेलं वाक्य इतरांना पाठ्यपुस्तकी वाटतं, हे या फेरीत हटकून कळतं.

भरतीची वाक्यं आणि याद्या

नुसती २४ वाक्यं वाचायला दिली तर आठव्या वाक्याला वाचक ओळखतो की इथे ‘-ला’-‘-ली’चा खेळ आहे, आणि मग तो मुद्रितशोधकासारखा वाचू लागतो. म्हणून दुप्पट, म्हणजे ४८, भरतीची वाक्यं मिसळा: कर्तरी, भावे, भविष्यकाळ, ‘मला आवडतो’ धाटणीची, ‘जो-तो’ची. त्यातल्या पाच-सहांत वेगळ्याच जातीची चूक ठेवा, बाकी सगळी शुद्ध. एकूण ७२ वाक्यांत अठराच्या आसपास चुकीची, एवढं प्रमाण सुसह्य असतं.

एका माणसाने एका वाक्याचं एकच रूप बघायचं. त्यासाठी लॅटिन स्क्वेअर: पहिल्या यादीत वाक्य १ चं क, २ चं ख, ३ चं ग, ४ चं घ, पाचव्यापासून पुन्हा क. दुसऱ्या यादीत सुरुवात ख पासून, तिसरीत ग, चौथीत घ. चार याद्या होतात आणि प्रत्येक माणसाला प्रत्येक रूपाची सहा वाक्यं मिळतात. इथे एक छुपा खड्डा आहे. स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी कर्माची वाक्यं एकाआड एक क्रमांकांवर लावली, तर पहिल्या यादीत क आणि ग कायम स्त्रीलिंगीच राहतात आणि ख-घ पुल्लिंगी. १ ते १२ सगळी स्त्रीलिंगी आणि १३ ते २४ पुल्लिंगी लावा, म्हणजे प्रत्येक रूपाला तीन-तीन येतात.

याद्या तयार झाल्यावर क्रम प्रत्येक माणसासाठी वेगळा पिसा, फक्त दोन मुख्य वाक्यं पाठोपाठ येऊ देऊ नका.

निम्म्या वाक्यांनंतर हो-नाहीचा प्रश्न विचारा, हो आणि नाही समसमान. प्रश्न लिंगाभोवती फिरणारा नको. ‘आईने हे फोनवर सांगितलं का?’ एवढा पुरे. प्रश्न नसेल तर माणसं स्पेसबार तबल्यासारखा वाजवत जातात.

पडद्यावर मांडणी

पीसीआयबेक्स, सायकोपाय, जेएससाय्क ही अशा चाचण्या चालवणारी तिन्ही साधनं फुकट आहेत. दूरच्या लोकांकडून ब्राउझरमध्ये करून घ्यायचं असेल तर पहिलं किंवा तिसरं, समोर बसवून घ्यायचं असेल तर दुसरं.

इंग्रजी वाक्यांसाठी झाकलेले शब्द आडव्या रेघांनी दाखवायची पद्धत आहे. देवनागरीत ती बेंगरूळ होते, कारण ‘आईने’ आणि ‘सांगितलं’ यांची रुंदी कोडमधल्या चिन्हांच्या मोजणीशी जुळत नाही आणि रेघा शब्दागणिक पुढेमागे उड्या मारतात. त्यापेक्षा शब्द पडद्याच्या मध्यभागी एकामागून एक दाखवा. मागे जाऊन वाचायची सोय तशीही नसते.

अक्षर किमान २८ पिक्सेलचं, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. काना आणि दुसरी वेलांटी यांच्या फरकावर सगळं अवलंबून असताना बारीक अक्षर म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फाइलीतून चिकटवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हं दाखवतो. निकालाची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीचा चुराडा दिसतो, तेव्हा ती आयात करताना यूटीएफ-८ निवडा. आणि ती गोंधळलेली फाइल चुकूनही ‘सेव्ह’ करू नका.

मोबाइलवर करू देऊ नका. स्पर्शाच्या नोंदीतला उशीर फोनागणिक बदलतो, आणि आपण शोधतो आहोत तो फरक शब्दामागे तीस-चाळीस मिलिसेकंदांचाच असू शकतो. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्याचं चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं. तेवढी ढिलाई सगळ्या रूपांत सारखीच असल्याने ती चालून जाते.

माणसं

चाराच्या पटीत घ्या. ४० घेतली तर प्रत्येक यादीला दहा आणि प्रत्येक रूपाला ४० गुणिले ६, म्हणजे २४० नोंदी. हा आकडा किमान समजा. बरोबर-चूक यातला फरक एवढ्यात दिसतो, ग-घ मधला बारीक फरक मात्र निसटू शकतो. साठ-ऐंशी मिळाली तर उत्तम. संमतिपत्र आधी, नावं डेटापासून वेगळी, आणि संस्थेत नीतिसमिती असेल तर तिची परवानगी पहिल्या माणसाला बसवण्यापूर्वीच.

सूचना मोजक्या: नेहमीच्या वेगाने, समजून वाचा. ‘व्याकरण’ हा शब्द उच्चारायचा नाही. सरावाची पाच वाक्यं द्या आणि प्रत्येक २४ वाक्यांनंतर विश्रांती. प्रत्यक्ष वाचन पाच-सहा मिनिटांचंच असतं. प्रश्न, सूचना, विश्रांती धरून माणूस वीस मिनिटांत मोकळा होतो.

बोलीची विचारपूस शेवटी करा, आधी केली तर गुपित फुटतं. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या काही बोलींत ‘मी काम केलो’ सहज म्हणतात. तिथे क्रियापद कर्त्याकडेच राहतं आणि प्रमाण मराठीतली ‘चूक’ त्या कानाला तितकी खुपणार नाही. बालपण कुठे गेलं, घरात काय बोलतात, शाळेचं माध्यम कोणतं हे विचारा, आणि असं वाक्य दाखवून ‘तुमच्याकडे असं म्हणतात का?’ हेही विचारा. अशा वाचकांना ‘अशुद्ध’ म्हणून गाळण्यापेक्षा त्यांचा वेगळा गट केला तर उलट अधिक रंजक चाचणी हाती लागते. बोलीतली रूपं पडताळायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण उपयोगी पडतं.

आकडे आल्यावर

नियम डेटा बघण्याआधी लिहून ठेवा, तारखेसकट. कोणते शब्द तपासणार? क्रियापद आणि त्यानंतरचे दोन. नऊच्या नऊ शब्द तपासून जिथे फरक दिसेल तिथे बोट ठेवणं ही या क्षेत्रातली जुनी आणि वाईट खोड आहे. इतक्या ठिकाणी खडे मारले तर एखादा योगायोगानेच लागतो.

प्रश्नांची ७५ टक्क्यांहून कमी उत्तरं बरोबर असणारा माणूस बाद. १०० मिलिसेकंदांखालची नोंद म्हणजे शब्द वाचण्याआधीच बोट पडलेलं, ३००० च्या वरची म्हणजे बहुधा दारावरची बेल. दोन्ही काढा, आणि किती काढल्या ते सांगा. एखाद्याच्या सगळ्या नोंदी जवळपास एकाच आकड्याभोवती असतील, तर तो वाचत नव्हता, ताल धरत होता.

वाचनवेळेचे आकडे उजवीकडे लांब शेपूट सोडतात, म्हणून त्यांचा लॉग (लॉगरिदम) घ्या. नुसती सरासरी काढून टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणारी साधी संख्याशास्त्रीय कसोटी, करू नका. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्येच बजावलं होतं की जशी माणसं नमुन्यादाखल निवडलेली असतात तशीच वाक्यंही, त्यामुळे निष्कर्ष दोन्हींच्या पलीकडे टिकायला हवा. आज त्यासाठी ‘आर’ भाषेतलं एलएमई-४ पॅकेज वापरतात. बरोबर-चूक आणि कर्ता-कर्माचं लिंग सारखं-वेगळं हे दोन घटक +०.५ आणि −०.५ असे भरा, त्यांचा गुणाकार घ्या (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यामुळे बदलतो का, ते त्यावरून कळतं), आणि माणूस व वाक्य या दोन्हींचा चढउतार मॉडेलमध्ये धरा.

आधी बरोबर-चूक हा फरक बघा. ‘आणला’ किंवा ‘असं’वर चुकीची वाक्यं सावकाश वाचली गेली नसतील, तर पुढे जाण्यात अर्थ नाही: वाचकांनी लक्ष दिलं नाही, अक्षर बारीक होतं किंवा चूक टाइपिंगची समजून सोडून दिली. तो फरक दिसला तरच गुणाकाराकडे वळा. घ हा ग पेक्षा वेगाने वाचला गेला आणि क-ख मात्र बरोबरीत राहिले, तर ‘ने’ असूनही कर्ता मध्ये लुडबुड करतो आहे. ग-घ मध्ये फरक दिसला नाही तर ‘मन ‘ने’चं ऐकतं’ असं लगेच जाहीर करू नका. फरक न सापडणं आणि फरक नसणं या दोन गोष्टी आहेत. अंदाजाची मर्यादा, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, छापा; ती −६० ते +५० मिलिसेकंद अशी ऐसपैस असेल तर चाचणीने काहीच सांगितलेलं नाही.

मेंदूच्या लहरींपर्यंत जायचं असेल तर

स्पेसबारवरून किती उशीर झाला ते कळतं, कशामुळे ते कळत नाही. ईईजीत, म्हणजे टाळूवर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या लहरींच्या नोंदीत, दोन खुणा वेगळ्या दिसतात. अर्थाला न बसणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण लहर येते, जिला एन-४०० म्हणतात. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी ती १९८० मध्ये नोंदवली. लिंग-वचनाच्या विसंगतीवर सहसा ६०० च्या आसपासची धन लहर, पी-६००, मिळते. या नेहमी अशाच वागत नाहीत. हिंदीत ‘ने’ चुकीच्या जागी लावलेल्या वाक्यांवर कमल चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एन-४००ही दिसली, म्हणजे तिथे ‘ने’ हा निव्वळ रचनेचा भाग न राहता ‘कोणी केलं’ या अर्थाच्या हिशेबातही धरला गेला.

ईईजीसाठी ही २४ वाक्यं पुरत नाहीत. लहर गोंगाटातून वर यायला प्रत्येक रूपाची प्रत्येक माणसामागे तीस-चाळीस वाक्यं लागतात, म्हणजे किमान १२० मुख्य वाक्यं आणि दोन तासांची बैठक. शब्द स्पेसबारवर न सोडता ठरावीक गतीने दाखवतात, ३०० मिलिसेकंद शब्द आणि २०० मिलिसेकंद कोरा पडदा, कारण बोट हलवण्याची लहर मधे मिसळलेली नको असते. आणि बोलावताना आठवणीने सांगा: आदल्या रात्री डोकं धुऊन या, तेल लावू नका. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट लागत नाही, आणि मग जेल घालता घालता पाऊण तास जातो.